वाचनकार्य फोनवर द्या, उत्तर मात्र वर्गात ऐका

नववीच्या पोरांना साहित्य ऑनलाइन वाचायला द्यावं की नाही, यावर वाद घालण्याची वेळ टळून गेली आहे. ते दिलं जातंच आहे. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची प्रशाला असो की संस्थेची शाळा, नववीचा व्हॉट्सॲप गट असतो, त्यावर धड्याची पीडीएफ येते, खाली ‘सर्वांनी वाचून स्वाध्याय पूर्ण करावा’ अशी ओळ येते आणि दुसऱ्या दिवशी गुगल फॉर्मची लिंक. किती जणांनी भरला याचा आकडा मुख्याध्यापकांकडे जातो आणि विषय संपतो. फोनवरून मजकूर पाठवायला माझी हरकत नाही. उलट आमच्या भागात तो पाठवलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण पोरानं काय वाचलं याचं उत्तर फोनवर घेणं थांबवायला हवं. ते उत्तर वर्गात, त्याच्या तोंडून, बाकीच्या पोरांसमोर ऐकलं गेलं नाही तर नववीच्या मराठीच्या तासाला आपण साहित्य शिकवतो असं म्हणायला जागा उरत नाही.

मजकूर पाठवलाच पाहिजे असं का म्हणते, ते आधी सांगते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या लेकरांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, तीही आठवीपर्यंतच. नववीत पाऊल टाकलं की बापाला यादी घेऊन दुकानात जावं लागतं, आणि तेही नेमकं जूनमध्ये, सोयाबीनच्या बियाण्याचा आणि खताच्या बॅगांचा खर्च डोक्यावर असताना. मग गणित, विज्ञान आणि इंग्रजीची पुस्तकं आधी येतात. मराठीचं मागच्या वर्षीच्या पोराकडून निम्म्या किमतीत मिळालं तर मिळालं, नाहीतर गाईडवर भागतं. वर्षभर कवितांचे भावार्थ पाठ केलेले आणि मूळ कविता सलग एकदाही न वाचलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांना गुण वाईट पडत नाहीत हेही पाहिलं आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत असतात. ज्याच्या दप्तरात कुमारभारती हे मराठीचं पुस्तक नाही त्याच्यापर्यंत जनाबाईचा अभंग निदान फोनवरून तरी पोचतो. ही सोय लहान नाही.

पाठ्यपुस्तकाबाहेरच्या वाचनाचे हाल तर याहून वाईट आहेत. बहुतेक शाळांत पुस्तकांचं एक कपाट असतं, त्याला कुलूप असतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर शालेय पोषण आहारापासून यू-डायस या सरकारी माहितीप्रणालीच्या नोंदीपर्यंत दहा कामं असतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, तेव्हा पुस्तकं टेबलावर मांडली जातात आणि दुसऱ्या दिवशी आत जातात. तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानात गेलं तर गाईडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मिळतात, कथासंग्रह मागितला तर ‘मागवून देतो’ असं उत्तर मिळतं. अशा ठिकाणच्या पोराला ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट उघडून दाखवले तर त्याचे डोळे कसे होतात ते बघण्यासारखं असतं. पन्नास वर्षं मराठीतले चांगले लेखक मुलांसाठी लिहीत आले, ते सगळं एका बोटावर आलं. फोन पोरांच्या हातातून काढून घ्या म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे की काढून घेतल्यावर त्या हातात काय देणार? कपाटाची किल्ली देणार असाल तर मी तुमच्या बाजूची आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा विचार केला की हे आणखी टोकाचं होतं. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. हंगामी वसतिगृहांची योजना मुळात प्राथमिक वयाच्या लेकरांसाठी आखलेली. नववीतला पोरगा त्या वयातून निसटलेला असतो आणि कोयता धरण्याइतका मोठा झालेला असतो. पोरगी असेल तर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि स्वयंपाकाला तिची गरज पडते. तिचं सगळं दुसरं सत्र तिकडेच जातं. आणि पंधराव्या वर्षी शाळेपासून असं सहा महिने लांब राहिलेल्या पोरीच्या बाबतीत घरात लग्नाचं बोलणं कसं सुरू होतं, हे बीडकडच्या कुणाला सांगायची गरज नाही. या पोरीच्या आईच्या किंवा भावाच्या फोनवर मराठीच्या बाईंनी वाचलेल्या गोष्टीचा आवाज पोचला, तर शाळेशी तिचा एक धागा शिल्लक राहतो. पीडीएफ आणि गुगल फॉर्मनं तो राहत नाही. फडातून थकून आलेलं कुणी रात्री बॅटरीच्या उजेडात पीडीएफ मोठी-बारीक करत बसत नाही. आवाज मात्र भाकरी थापतानाही ऐकता येतो.

फोन घरात आहे म्हणजे तो लेकराच्या हातात आहे, असं धरून चालणंही चूक आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाची २०२३ ची पाहणी ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची होती. देशातल्या २८ जिल्ह्यांत ती झाली आणि त्यात महाराष्ट्रातून आपला नांदेड होता. सगळ्या जिल्ह्यांचे मिळून जे आकडे आले त्यात जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो अशा मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे रात्री आठ वाजता टाकलेली लिंक पोराला लगेच दिसते आणि पोरीला बाप जेवून, बातम्या पाहून, फोन खाली ठेवील तेव्हा. तोवर फॉर्मची मुदत संपलेली असते, आणि यादीत तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असं लागतं. वर्गात तिला विचारलं तर ती धडा सगळ्यांत चांगला समजलेली निघते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. पण यादीला ते माहीत नसतं.

याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत अस्खलित वाचता आला नाही. नववीच्या वर्गात पन्नास लेकरं असतील तर त्यातली दहा-बारा या अवस्थेत असू शकतात, हे धरूनच शिकवायला उभं राहावं लागतं. या लेकरांना पीडीएफ पाठवून ‘वाचा’ म्हणणं म्हणजे त्यांना वाचनातून बाहेर काढणं आहे. मात्र त्यांना गोष्ट समजत नाही असं नाही. गोष्ट त्यांना फार चांगली समजते. अक्षरावर अक्षर जुळवताना त्यांचा दम जातो, आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हरवते. कुणीतरी वाचून दाखवलं की हीच लेकरं गोष्टीतल्या माणसाबद्दल असं काही बोलतात की पहिल्या बाकावरची पोरं वळून बघतात.

आता उत्तराकडे येते, कारण माझा खरा वाद तिथे आहे.

नववीच्या कुमारभारतीत संतवाणीमध्ये जनाबाईचा एक अभंग आहे. ‘धरिला पंढरीचा चोर । गळां बांधोनियां दोर ॥’ जनाबाई आमच्या गंगाखेडची. गोदावरीच्या काठचं हे गाव परभणी जिल्ह्यात आहे, त्यामुळे आमच्या पोरांना ती पुस्तकातली बाई वाटत नाही. कुणाची आत्या तिथे दिलेली असते, कुणी जत्रेला जाऊन आलेलं असतं. या अभंगावर ऑनलाइन चाचणीत काय विचारतात? जनाबाईंनी विठ्ठलाला कोठे कोंडले: देवळात, हृदयात, घरात की पंढरीत? शंभर टक्के पोरं ‘हृदयात’ला टिचकी मारतात. पन्नासपैकी पन्नास बरोबर. आता हाच अभंग वर्गात मोठ्यानं वाचा आणि थांबा. पोरं ‘जवाजुडी’पाशी अडखळतात, ते सोडवून पुढे जा. ‘सोहं शब्दाचा मारा केला । विठ्ठल काकुलती आला ॥’ इथे आलात की वर्गात काहीतरी हलतं. देव काकुळतीला येतो? आणि ती बाई तरीही सोडत नाही? ‘जीवें न सोडीं मी तुला’ म्हणते? एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की जनी दामाशेटीच्या घरी दासी होती, दिवसभर तिलाच कोंडल्यासारखं काम असायचं, म्हणून तिनं देवालाही कोंडलं, बघ म्हणावं कसं वाटतं ते. हे उत्तर कुठल्याच गाईडात नाही. ते बरोबर आहे का यावर वर्ग अर्धा तास भांडला. एक मुलगा म्हणाला, नाही, तिला भीती होती की हा पण सोडून जाईल. दुसऱ्यानं विचारलं, मग चोर कशाला म्हणते, त्यानं चोरलं काय? त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, कारण तो प्रश्न घेऊन ते घरी जावेत असं मला वाटत होतं.

ऑनलाइन चाचणीला यातलं काहीच दिसत नाही. ‘हृदयात’ लिहिणारा आणि जनीच्या कोंडीबद्दल बोलणारी, दोघांना एकच गुण. आणि पोरं फार हुशार असतात. कशाला गुण आहेत ते त्यांना पंधरा दिवसांत कळतं. एकदा कळलं की अभंग वाचायचं कारणच उरत नाही, प्रश्न आधी उघडायचा आणि त्याचं उत्तर मजकुरात शोधायचं. पीडीएफ न उघडताही भागतं, कारण कुणीतरी एकजण स्क्रीनशॉट गटात टाकतो.

बहुपर्यायी प्रश्न नकोत, मोठी उत्तरं लिहून मागवा, असं काही जण सुचवतात. कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, रसग्रहण आहे, स्वमत आहे, तेच ऑनलाइन घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही याच मताची होते. पण आता एआय नववीतल्या पोराच्या हातात आलेला आहे. कवितेचा फोटो काढायचा, ‘रसग्रहण लिही’ म्हणायचं, आणि शुद्ध, गुळगुळीत मराठीत दहा ओळी मिळतात. त्या ओळींवर रागावून उपयोग नाही आणि पोरांना चोर ठरवूनही नाही, गाईडातून उतरवून काढण्यापेक्षा हे फक्त वेगानं होतं. मला त्यातलं नुकसान वेगळं वाटतं. पंधरा वर्षांच्या लेकराला कवितेबद्दल पहिल्यांदा जे वाटतं ते ओबडधोबड असतं, चुकीचं असतं, कधी कवितेशी संबंध नसलेलं असतं. ते बोलून दाखवायला मिळालं, कुणी खोडून काढलं, कुणी पुढे नेलं, की त्यातून त्याची स्वतःची वाचायची रीत तयार होते. तयार उत्तर आधीच हातात असेल तर तो ओबडधोबड विचार त्याला लाज वाटण्यासारखा वाटतो आणि तो बोलतच नाही. म्हणून लेखी उत्तर सुरुवातीला नकोच. आधी बोलणं, ऐकणं, वाद. लिहिणं सगळ्यांत शेवटी, वर्गात, वहीत, पेनानं.

ऑनलाइन उत्तरं घेण्याची ही सवय आली कुठून, तेही आठवून बघावं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून रोज अभ्यासमालेचे दुवे येऊ लागले, पुढे ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम आला आणि व्हॉट्सॲपवर पोरं बहुपर्यायी प्रश्न सोडवू लागली. त्या दिवसांत ते करणं भागच होतं. लेकरू घरात, शिक्षक घरात, मध्ये फक्त फोन. ज्यांनी तो धागा तुटू दिला नाही त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली, हळूहळू शाळा पूर्ववत झाल्या, आणि समोर लेकरू बसलेलं असताना त्याचं उत्तर फोनवर मागवायची पद्धत मात्र तशीच चालू राहिली. कारण तिच्यातून आकडा मिळतो, आणि आकडा वर पाठवता येतो.

आमच्या मातीत याला चांगला पर्याय आहे आणि तो शोधायला फार लांब जावं लागत नाही. मराठवाड्यात साहित्य मुख्यतः कानावाटे आलं आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडं रचली ती वाळवंटात उभ्या असलेल्या, अक्षर न कळणाऱ्या माणसांसाठी. आजही गावात सप्ताह बसतो, पारायणाला एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात, रात्री कीर्तनात एका अभंगावर दोन-दोन तास निरूपण चालतं. कीर्तनकार काय करतो? चरण म्हणतो, थांबतो, दृष्टांत देतो, समोरच्याला प्रश्न घालतो, पुन्हा चरणावर येतो. साहित्य शिकवायची याहून चांगली रीत मला बी.एड.ला कुणी दाखवली नाही. आमच्या लेकरांचे कान अशा ऐकण्याला सरावलेले आहेत. फोन हे पुस्तकापेक्षा आवाजाचं साधन म्हणून त्यांच्या घरात जास्त रुळलेलं आहे, आज्ज्या त्यावर हरिपाठ ऐकतात. असं असताना आपण त्या फोनवरून बारीक अक्षरांची पीडीएफ पाठवत बसतो, हे मला फार दिवस खुपत आलं आहे.

म्हणून माझ्या मते वाचनकार्य असं द्यावं. शिक्षकानं किंवा शिक्षिकेनं स्वतः वाचलेला मजकूर, पाच-सात मिनिटांचा आवाज, सोबत तेवढ्याच भागाचा स्वच्छ फोटो. लेकरानं आधी ऐकायचं, मग मजकुरावर नजर ठेवून पुन्हा ऐकायचं, मग घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. आजी असेल तर आजीला, नाहीतर धाकट्या भावाला. ऐकणाऱ्यानं काय म्हटलं ते लक्षात ठेवून वर्गात सांगायचं. फोनवर काहीच भरून पाठवायचं नाही. ज्या घरी फोन मिळाला नाही त्या लेकरानं शेजारणीच्या फोनवर ऐकलं तरी चालेल, सकाळी वर्गात मैत्रिणीकडून ऐकलं तरी चालेल. मुदत तासाची किंवा रात्रीची ठेवायची नाही, आठवड्याची ठेवायची.

जनाबाईच्या अभंगाला जोडून मी एक काम देते. घरात, गल्लीत कुणाला जात्यावरच्या ओव्या येतात का ते शोधा आणि त्यांच्याच आवाजात फोनवर नोंदवून आणा. जाती आता कोपऱ्यात पडलीत, पण साठीच्या पुढच्या बायांना ओव्या येतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं आवाजासकट ऐकायला मिळतात, आणि त्यात आपल्या बीडमधल्या माजलगावच्या बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या वर्गात ऐकवल्या की पोरांच्या मनातली एक गाठ सुटते. ओवी म्हणजे जुन्या काळातलं देवाधर्माचं काहीतरी, असं त्यांना वाटत असतं. आपल्याच जिल्ह्याच्या शेजारची एक बाई भीमरायाबद्दल त्याच चालीवर गाते हे ऐकल्यावर जनाबाईचा अभंगही ते निराळ्या कानानं ऐकतात. पाठ्यपुस्तकाच्या छापील पानावर हे करता आलं नसतं. नेट होतं म्हणून करता आलं. ऑनलाइन साधनाला मी नाकारत नाही ते यासाठी.

मोठ्यानं वाचण्यात एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमची पोरं वर्गात मोठ्यानं वाचायला भितात. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की कुणीतरी हसतं, आणि कधी हसणारा शिक्षकच असतो. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या लेकरांच्या घरात गोरमाटी बोलतात, काही घरांत दखनी उर्दू बोलतात, त्यांना प्रमाण मराठी आधीच तिसरी-चौथी पायरी आहे. अशा लेकराला पन्नास जणांसमोर उभं करून वाचायला लावलं तर ते पुढचा आठवडा शाळेत येणार नाही. पण घरी आजीसमोर वाचताना कुणी हसत नाही. दोनदा-तीनदा घरी वाचून झालेला मजकूर वर्गात वाचणं सोपं जातं. उच्चार सुधारायचा तो नंतर, आणि एकट्याला बोलावून. कवितेच्या तासाला उच्चार सुधारत बसलं की कविता जाते आणि लेकरूही जातं. उलट तांड्यावरच्या पोरानं अभंगाचा अर्थ आधी गोरमाटीत सांगितला तर तो वर्गातल्या बाकीच्यांनीही ऐकावा. त्या वेळी वर्गात मराठी कमी होत नाही, वाढते.

सहकारी शिक्षक यावर जे म्हणतात ते खोटं नाही. वेळ कुठे आहे? एका तुकडीत पन्नास-साठ पोरं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी, माहिती भरणं, कुठल्या तरी पोर्टलची मुदत. साठ जणांचं बोलणं ऐकायचं कधी? सगळ्यांचं रोज ऐकायचंच नाही, हे माझं उत्तर. एका तासाला पाच-सहा जण. दोन आठवड्यांत वर्ग पुरा होतो. ज्याचं आज ऐकलं नाही त्यानं दुसऱ्याचं ऐकलेलं असतं, आणि साहित्याच्या तासाला ऐकणं हाही अभ्यासच असतो. वर्षाला धडे कमी होतील, हो. सगळे धडे सारख्या जोरानं शिकवायची गरज नाही. माहितीपर पाठ पोरं आपले आपण वाचतात, तिथे फॉर्म ठेवला तरी बिघडत नाही. कविता आणि कथा मात्र फॉर्मच्या हवाली करू नयेत.

वेळेच्या तक्रारीमागे दुसरं एक दडपण आहे, त्याबद्दल बोलायला लोक कचरतात. नववी ही आमच्याकडे दहावीची तयारी म्हणून आणि दहावी अकरावी-बारावीची तयारी म्हणून जगली जाते. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नचं नाव देशभर झालं, त्यातून गरीब घरातली कितीतरी पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आता नववीतच फाउंडेशनच्या बॅचा सुरू होतात. सकाळी क्लास, मग शाळा, मग पुन्हा क्लास. त्यात मराठी हा ‘गुण काढायचा’ विषय राहतो. पालक सरळ विचारतात, बाई, एवढ्या चर्चेनं मार्क वाढतात का? मी त्यांना सांगते की वाढतात, कारण न पाहिलेला उतारा समजणं हे प्रत्येक विषयाच्या परीक्षेत लागतं, आणि तो समजायचा तर वाचताना स्वतःला प्रश्न विचारायची सवय लागावी लागते. हे खरं आहे. पण मला त्यांना आणखी एक सांगायचं असतं. या भागात दर दोन-चार वर्षांनी दुष्काळ पडतो. घरात कर्ज आहे, बाप बोलत नाही, बहिणीचं लग्न अंगावर आहे, अशा घरात पंधरा वर्षांचं लेकरू हे सगळं बघत बसलेलं असतं. त्याला स्वतःच्या मनातलं सांगायला शब्द लागतात. कथेतल्या माणसाबद्दल बोलता बोलता ते स्वतःबद्दल बोलायला शिकतं. वर्गात एखाद्या कथेतल्या बापावर चर्चा चालू असताना कुठलं पोर गप्प झालं हे शिक्षकाला दिसतं. फॉर्ममध्ये ते दिसायची काही सोय नाही.

शासनाकडे माझं मागणं फार नाही. महावाचन उत्सवासारखा उपक्रम हेतूनं चांगला आहे. पोरांनी पुस्तक वाचून त्यावर आपले विचार पोर्टलवर टाकावेत अशी त्यात कल्पना आहे. पण शेवटी ‘किती नोंदी झाल्या’ यावर शाळेचं काम मोजलं जातं, आणि मग शिक्षक रात्री बसून पोरांच्या नावानं नोंदी करतात. त्याऐवजी त्या दिवशी शाळेत पोरं एकमेकांना वाचून दाखवतील आणि कुठलीही नोंद वर जाणार नाही, असं एक वर्ष करून बघावं. नववी-दहावीच्या मराठीला ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, त्यात श्रवण-भाषणाला जागा आहे. ते गुण बहुतेक ठिकाणी सरसकट दिले जातात. ते खरोखरच वाचून दाखवण्याला आणि वाचल्यावर बोलण्याला द्यावेत, तशा स्पष्ट सूचना याव्यात.

बालभारतीकडे दोन गोष्टी मागते. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ अख्ख्या पुस्तकाची एकच फाइल असते, एका कवितेसाठी सगळं पुस्तक उतरवून घ्यावं लागतं, आणि फोनच्या पडद्यावर अक्षर मोठं केलं की ओळ बाजूला पळते. ओळ शोधत पडदा इकडे-तिकडे सरकवताना ज्याचं वाचन आधीच कच्चं आहे ते पोरगं पहिल्या परिच्छेदातच हरतं. प्रत्येक पाठ वेगळा, युनिकोडमध्ये, पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी बसतील अशा रूपात द्यावा. आणि प्रत्येक कविता, प्रत्येक कथा चांगल्या वाचकाच्या आवाजात, कमी आकाराच्या फाइलमध्ये द्यावी, जी व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवता येईल आणि नेट नसतानाही ऐकता येईल. आवाज एकाच पुणेरी वळणाचा नको. अभंग गंगाखेडकडच्या एखाद्या बाईनं वाचावा, वऱ्हाडी कविता वऱ्हाडातल्या माणसानं, कोकणातली गोष्ट कोकणातल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच्या नावानं निधी आणि योजना येतील. त्यातला थोडा पैसा या आवाजांवर खर्च व्हावा.

शाळेपुरतं मात्र कुणाच्या परवानगीची वाट बघायचं कारण नाही. दुसऱ्या सत्राच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, नववीच्या मराठीच्या शिक्षकांनी आपल्या वर्गातली कुठली लेकरं जाणार आहेत त्यांची यादी करावी, ती ज्या फोनवर सापडतील ते क्रमांक लिहून घ्यावेत, आणि दर आठवड्याला एक कविता किंवा एका कथेचा भाग स्वतःच्या आवाजात पाठवावा. उत्तर मागू नये. मार्च-एप्रिलमध्ये ती परत आली की वर्गात आधी त्यांना बोलू द्यावं.